मुलाच्या दाढा मोबाइलमुळे किडल्या का?

तुम्ही लिहिलंय ते असं: मुलगा पंधरा वर्षांचा. लहानपणी दात चांगले होते, म्हणून मधली दोन वर्षं तपासणी राहिली. आता दाखवलं तर पाच दाढांना कीड निघाली आणि त्यातली एक खोल आहे. घरात गोडधोड फारसं नसतं. या दोन वर्षांत बदललं ते एकच, हातात मोबाइल आला आणि रात्रीचा गेम सुरू झाला. तेव्हा मोबाइलमुळे दात किडतात का, आणि तो काढून घेतला तर पुढची कीड थांबेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. स्क्रीनच्या प्रकाशाने किंवा मोबाइलच्या लहरींनी दात किडत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्या घरातल्या रोजच्या दिवसावर अवलंबून आहे. स्क्रीनसमोर बसलेला असताना मुलाच्या तोंडात काय जातं, किती वेळा जातं, आणि दिवसातला शेवटचा ब्रश होतो की राहून जातो, एवढं कळल्याशिवाय मोबाइल काढून घेण्याचा दातांना फायदा होईल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मोबाइल गेला आणि शीतपेयाची बाटली टेबलावर तशीच राहिली, तर कीडही राहील.

दंतवैद्य म्हणून हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, त्यासाठी कीड लागते कशी ते आधी सांगते. दातावर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत असतो. आपण साखर खाल्ली की ते जिवाणूही ती खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. एरवी या थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपास असतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तो ५.५ च्या खाली उतरतो आणि तिथून इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते, साखर धुऊन नेते आणि विरघळलेली खनिजं थोडीथोडी परत दातात बसवते. हे सगळं पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पीएचची ही घसरण आणि चढण संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवली आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी तो आलेख आजही पहिल्या वर्षांतच शिकतात. म्हणजे दाताचा जमाखर्च दिवसभर चालू असतो. खर्चानंतर जमेला वेळ मिळाला, तर दात शाबूत राहतो.

आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघांनीही ५०० मिलीची एकेक गोड शीतपेयाची बाटली घेतली. एकाने ती जेवणाबरोबर दहा मिनिटांत संपवली. दुसऱ्याने गेम खेळताना शेजारी ठेवली आणि दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट घेत तीन तास पुरवली. साखर दोघांच्या पोटात सारखीच गेली. पण पहिल्याच्या दातांना एकदाच मार बसला आणि नंतर लाळेला सावरायला पूर्ण वेळ मिळाला. दुसऱ्याच्या दातांवरचा पीएच तीन तास वर आलाच नाही, कारण तो चढायला लागला की पुढचा घोट आत. त्यात शीतपेय स्वतःच आम्लधर्मी असतं, कोलाचा पीएच २.५ च्या आसपास आहे. तेव्हा जिवाणूंनी आम्ल करण्याआधीच इनॅमलवर आम्ल पडलेलं असतं.

वारंवारता महत्त्वाची आहे हे जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते स्वीडनमधल्या विपेहोल्मच्या प्रयोगातून, १९४५ ते १९५५ या काळात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या रुग्णालयातल्या चारशेहून अधिक रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांच्या दातांचं काय होतं ते पाहिलं गेलं. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या दिलेल्यांची मात्र झपाट्याने वाढली. ज्यांना नकार देणं शक्यच नव्हतं अशा माणसांचे दात मुद्दाम किडू दिले गेले, आणि ते अक्षम्य होतं. आज असा प्रयोग कुणी करू शकत नाही, करूही नये. पण त्यातून कळलेलं आजही टिकून आहे, आणि मी मुलांना देत असलेल्या सल्ल्याचा बराचसा भाग त्यावरच उभा आहे.

स्क्रीन या सगळ्यात येते कुठे, तर खाण्याच्या वेळा ती पुसून टाकते. ताटावर बसून खाल्लं की खाणं सुरू होतं आणि संपतं. गेम किंवा व्हिडिओ समोर असला की ते संपतच नाही. लक्ष दुसरीकडे असताना किती खाल्लं याची नोंद डोकं नीट ठेवत नाही, पोट भरल्याची जाणीवही उशिरा होते. माझ्यासमोर बसलेली मुलं खोटं बोलत नाहीत. ‘मी दिवसभरात काहीच गोड खात नाही’ असं ती मनापासून सांगतात, कारण त्यांना खरोखरच आठवत नसतं. म्हणून मी ‘काय खातोस’ असं विचारतच नाही. ‘काल रात्री खेळत होतास तेव्हा उजव्या हाताला काय ठेवलं होतं?’ असं विचारते. त्याला लगेच उत्तर मिळतं.

तुम्ही म्हणता घरात गोड नसतं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण दातांच्या हिशेबात गोड कशाला म्हणायचं ते जरा वेगळं आहे. पाकिटातला फळांचा रस गोडच. अख्खं फळ चावून खाणं वेगळं आणि त्याचा रस काढून पिणं वेगळं, कारण रसातली साखर मोकळी झालेली असते. चवीचं दूध, थंड कॉफी, खेळाडूंसाठी म्हणून विकली जाणारी पेयं, एनर्जी ड्रिंक, सगळी याच रांगेत. बटाट्याचे चिप्स आणि खारी बिस्किटं चवीला गोड नसतात, पण त्यातला शिजलेला पिठूळ भाग दाढांच्या खाचांत चिकटून बसतो आणि लाळेतलं एन्झाइम तिथेच त्याची साखर करतं. बहुतेक नेहमीच्या शीतपेयांत १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत पन्नासच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी मोकळ्या साखरेचा (वरून घातलेली, आणि रस, मध यांतली साखर) वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आला तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. एका बाटलीतच ते पार झालं.

एनर्जी ड्रिंकबद्दल दोन वाक्यं जास्त बोलते, कारण रात्री खेळणाऱ्या मुलांत ती मला वाढत्या प्रमाणात दिसतात. त्यात साखर आहे, आम्ल आहे आणि वर कॅफीन आहे, त्यामुळे झोप आणखी लांबते आणि जागं राहण्याचे तास म्हणजे खाण्याचेही तास. ‘शुगर फ्री’ लिहिलेला डबा घेतला तर कीड लागण्याचा धोका कमी होतो हे खरं, पण आम्ल तेच राहतं आणि इनॅमल झिजत राहतं. पंधरा वर्षांच्या मुलाला या पेयाची काहीही गरज नाही. इथे मी तडजोड सुचवत नाही.

आणि हे सगळं नेमकं याच वयात का होतं? दुसरी कायमची दाढ साधारण ११ ते १३ व्या वर्षी येते, तिच्या पुढच्या उपदाढाही त्याच सुमाराला. नवीन आलेल्या दाताचं इनॅमल अजून कच्चं असतं. लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड शोषून ते पुढच्या काही वर्षांत घट्ट होत जातं. ही जी मधली वर्षं असतात, नेमकी त्याच वर्षांत आईवडिलांचं ब्रशवरचं लक्ष सुटतं (सुटायलाच हवं, मूल मोठं झालेलं असतं), हातात स्वतःचे पैसे येतात, खोलीचं दार बंद व्हायला लागतं आणि फोन मिळतो. लहानपणी चांगले होते ते बहुतेक दुधाचे दात होते. आता किडलेले दात वेगळे आहेत आणि त्यांची जोखीमही वेगळी. तुमचं लहानपणीचं करणं वाया गेलं असं अजिबात समजू नका.

रात्रीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा जे अर्ध्या-एक तासात सावरतं ते रात्री तसंच पडून राहतं. म्हणून दिवसातला शेवटचा घास किंवा घोट कोणता आणि त्यानंतर ब्रश झाला की नाही, याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजन आहे. या वयाच्या मुलांचा सकाळचा ब्रश बहुधा होतो, कारण बाहेर जायचं असतं, तोंडाचा वास नको असतो. रात्रीचा बुडतो. तो आळसाने बुडतो असं आपल्याला वाटतं. मी मुलांकडून ऐकते ते असं की ‘झोपायच्या आधी करतो’ असं ठरलेलं असतं, पण झोपायची वेळ अशी कधी येतच नाही. हातात फोन असतानाच डोळा लागतो.

म्हणून ‘झोपण्याआधी ब्रश’ हा सल्ला मी या वयाच्या मुलांना देणं सोडून दिलंय. त्याऐवजी रात्रीचं जेवण झालं की थोड्या वेळाने, स्क्रीन सुरू करायच्या आधी ब्रश. जेवणानंतर अर्धा तास जाऊ दिला तर बरं, विशेषतः जेवताना काही आंबट किंवा फसफसणारं घेतलं असेल तर, कारण आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर लगेच ब्रश फिरवू नये. ब्रश झाला की मग खेळू दे, पण तोंडात फक्त पाणी. एकदा ब्रश केला की बहुतेक मुलांना पुन्हा खावंसं कमी वाटतं, पेस्टच्या चवीवर शीतपेय चांगलंही लागत नाही. आणि दोन वाजता खेळता खेळता झोप लागली तरी दात स्वच्छ आहेत, फ्लोराइड दातांवर आहे. एवढी एकच गोष्ट घरात बसली तर मी समाधानी असते.

ब्रशच्या पद्धतीत फार खोल जात नाही. दोन मिनिटं, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेपर्यंत आणि सगळ्यात मागच्या दाढेच्याही मागे. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पाहा. १००० पीपीएमच्या खाली नको, या वयाला १४५० च्या आसपास चांगलं. आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. हे ऐकून मोठी माणसंसुद्धा चकित होतात. चूळ भरली की जे फ्लोराइड रात्रभर दातांवर राहायला हवं तेच धुऊन जातं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळा दोष खाण्यावर टाकणंही बरोबर नाही. मुलगा तोंडाने श्वास घेतो का? नाक सतत चोंदलेलं असेल तर तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं संरक्षण कमी होतं. ॲलर्जीच्या काही गोळ्या, लक्ष एकाग्र होण्यासाठी किंवा मनाच्या आजारासाठी दिलेली काही औषधं, यांनीही तोंड कोरडं होऊ शकतं. दम्याचा पंप घेत असेल तर पंपानंतर पाण्याने तोंड धुतो का? दातांना तारा लावल्या आहेत का? तारांभोवती थर साचतो आणि काही महिन्यांतच खडूसारखे पांढरे डाग उठू शकतात. कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका, फक्त दंतवैद्याला त्याची यादी द्या. आणि मुलगा मनाने खचलेला, एकटा पडलेला असेल, अंघोळ, कपडे, जेवण सगळ्याचीच हेळसांड चालू असेल, तर रात्रभराची स्क्रीन आणि किडलेले दात ही दोन्ही त्याचीच लक्षणं असू शकतात. मग आधी त्याच्याशी त्याबद्दल बोलायला हवं, गरज पडली तर डॉक्टरांशीही.

याच कारणाने ‘जास्त स्क्रीन, जास्त कीड’ असा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासांकडे मी सावधपणे पाहते. असा संबंध आढळलेला आहे. पण त्यातले बरेच अभ्यास एकाच वेळी सगळं विचारून केलेले असतात, त्यामुळे कशामुळे काय झालं ते त्यातून सिद्ध होत नाही. जास्त वेळ स्क्रीनसमोर असणारी मुलं अनेकदा जास्त वेळा खातात, कमी ब्रश करतात, उशिरा झोपतात. या तीन गोष्टी सुधारल्या आणि स्क्रीनचे तास तेवढेच राहिले, तरी दात सुधारताना मी पाहिलेत. उलटंही पाहिलंय. फोन जप्त झाला, घरात आठवडाभर अबोला, आणि मुलगा रागाने पाकिटं फोडत बसला.

तेव्हा फोनचं काय करायचं? झोपेसाठी, अभ्यासासाठी, डोळ्यांसाठी तुम्हाला स्क्रीनची वेळ कमी करायची असेल तर जरूर करा, त्याची कारणं भक्कम आहेत. पण दातांची शिक्षा म्हणून करू नका. ‘तुझे दात किडले म्हणून फोन नाही’ असं झालं की पुढच्या वेळी दाढ दुखली तर तो तुम्हाला सांगणारच नाही. ती शांतता मला फार महागात पडलेली दिसते, कारण मग मूल माझ्याकडे येतं तेव्हा फिलिंगची वेळ निघून गेलेली असते. त्यापेक्षा त्याला दोनच अटी घाला: स्क्रीनशेजारी फक्त पाणी, आणि ब्रश झाल्यावरच रात्रीचा खेळ. शीतपेय प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत, आणि रोज नको. खेळताना तोंड चालूच हवं असेल तर बदाम-शेंगदाणे किंवा चीजचा तुकडा चालेल, साखर नसलेलं च्युइंग गमही चालेल, त्याने उलट लाळ वाढते. अटी कमी ठेवल्या तर पंधरा वर्षांचं मूल त्या पाळतं. दहा ठेवल्या तर एकही पाळत नाही.

शक्य झालं तर त्याच्याशी हे तुम्ही बोलू नका, दंतवैद्याला बोलू द्या, आणि तेव्हा तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. मी मुलाला आरशात त्याचेच दात दाखवते. बाटलीतून घोट घोट पिणाऱ्यांच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीला लागून पुष्कळदा एक पांढरी, निस्तेज रेघ असते. ती कीडच, पण पहिल्या पायरीवरची, अजून खड्डा पडलेला नाही. फ्लोराइड मिळालं आणि मार थांबला तर ती तिथेच थांबते, पुष्कळदा पुन्हा घट्टही होते. हे ऐकल्यावर मुलांचा चेहरा बदलतो. ‘खराब झालं’ एवढंच ऐकायची त्यांना सवय असते. ‘हे अजून वाचवता येतं आणि ते तुझ्या हातात आहे’ असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या दंतवैद्याला काही गोष्टी नक्की विचारा. दाढांच्या मधल्या फटींचे एक्स-रे काढलेत का, कारण फटीतली कीड नुसत्या डोळ्याला उशिरा दिसते. पाचपैकी किती ठिकाणी खरोखर खड्डा आहे आणि किती ठिकाणी नुसती सुरुवात आहे; सुरुवात असेल तिथे लगेच ड्रिल करायची गरज नसते, लक्ष ठेवता येतं. ज्या दाढा अजून चांगल्या आहेत त्यांच्या खाचा सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, बंद करता येतील का. फ्लोराइडचा व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, किती महिन्यांनी लावायचा. या मुलासारख्या जास्त जोखमीत तो साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात, आणि त्याला काही मिनिटंच लागतात. पुढच्या तपासणीसाठीही वर्षभर थांबू नका, तीन महिन्यांनी दाखवा. नव्या सवयीचा परिणाम दिसायला एवढा वेळ लागतोच.

खोल दाढेला मात्र यातल्या कशाचीच वाट पाहू देऊ नका. ती सगळ्यात आधी करून घ्या. थंड लागल्यावर क्षणभर सळक येऊन जात असेल तर बहुधा फिलिंगवर भागतं. सळक मिनिटभर रेंगाळत असेल, काही न खातापिता ठणका लागत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते आणि रूट कॅनालचा विचार करावा लागेल. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या. आणि दुखणं एकाएकी आपोआप थांबलं तरी तपासणी रद्द करू नका. नस मेली की दुखायचं थांबतं, आतला जंतुसंसर्ग थांबत नाही.